घासून बसवलेलं आभाळ

एक धडधाकट चित्र घ्यायचं, मशिनवर त्याचे पाचशे तुकडे करायचे, तुकडे कालवून डब्यात भरायचे आणि तो डबा विकायचा. घेणाऱ्यानं तो घरी आणून महिनाभर तुकडे जुळवत बसायचं. सगळे जुळले की काय मिळतं? डब्याच्या झाकणावर आधीपासून छापलेलं असतं तेच चित्र, फक्त आता अंगभर चिरा पडलेलं. आमच्याकडे असल्या उद्योगाला रिकामपणाची कामगिरी म्हणतात. माझा लेक त्याला ब्रेन डेव्हलपमेंट म्हणतो.

डबा आमच्या घरात खेळ म्हणून आला नव्हता. शिक्षा म्हणून आला होता, आणि शिक्षा मला होती.

आम्ही मोशीत सातव्या मजल्यावर राहतो. मी, माझे हे, लेक, सून आणि नात. इमारत उभी आहे तिथं पूर्वी आमच्या भावकीची ज्वारी असायची. आता पार्किंग आहे, आणि बांधावरून व्हायची ती भांडणं पार्किंगवरून होतात. हे आकुर्डीच्या कंपनीत फिटर होते. लेक महाळुंग्याला कामाला, त्याच्या शिफ्ट फिरत्या. सून आयटीत, हिंजवडीला. तिचं काम टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. हेच काम सासवा पिढ्यान्‌पिढ्या फुकट करत आल्या, पण असो.

नात तेव्हा पहिलीत होती. दुपारी व्हॅन तिला गेटवर सोडायची आणि सून घरी येईपर्यंत ती आम्हा दोघांची. जेवणं झाली की मी पडदे ओढायची, हे पंखा वाढवायचे आणि आम्ही तिघं मालिका बघत पडायचो. रात्री दाखवलेलं दुपारी परत दाखवतात. ज्यांना रात्री कळलं नाही त्यांच्यासाठी असावं, पण त्या मालिकांत न कळण्यासारखं काही नसतं. एक बाई वाईट असते आणि एक बाई रडते. नातीला दोघींचंही पाठ झालं होतं. वर्ष संपायच्या सुमाराला वर्गात बाईंनी 'माझं कुटुंब' यावर काहीतरी करून दाखवा म्हटलं. बाकीच्या पोरांनी आई पोळ्या लाटते, बाबा गाडी चालवतात असलं काहीतरी केलं. आमचीनं कमरेवर हात ठेवला, एक भुवई उचलली आणि म्हणाली, "या घरात एक तर ती राहील, नाही तर मी." मग दप्तर उचलून दाराबाहेर फेकलं. बाई आधी हसल्या म्हणे. मग त्यांनी सुनेला बोलावून घेतलं. सून हसली नाही.

ती ओरडत नाही, हेच तिचं वाईट आहे. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. जेवताना आमटी वाढून घेत ती म्हणाली, "आई, मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी टीव्ही नको. मोबाइल पण नको. बघूया कसं जमतंय. नाही जमलं तर जूनपासून शाळेतून परस्पर तिला खालच्या सेंटरला घालू. तुम्हालाही आराम मिळेल."

"तुम्हालाही आराम मिळेल" हे वाक्य म्हाताऱ्या माणसांना कोपऱ्यात सरकवताना वापरतात, हे कळायला मला मालिकांची गरज नव्हती.

खालचं सेंटर म्हणजे आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा. तिथं आधी टाइल्सचं दुकान होतं. ते बंद पडल्यावर कुणीतरी त्याच टाइल्सवर रंगीत स्पंजच्या चटया टाकल्या, एसी बसवला आणि बाहेर फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर सोनेरी केसांचं एक पोर दोन्ही तळहात रंगात बुडवून हसतंय. मोशीत असलं पोर औषधालाही सापडायचं नाही. आत काय करतात, तर मुलांना माती कालवायला देतात, वाटाणे सोलायला देतात आणि त्याला ॲक्टिव्हिटी म्हणतात. मी त्या वयाची असताना त्याला काम म्हणायचे, आणि नीट केलं नाही तर पाठीत धपाटा बसायचा.

सरळच सांगते, मला ती पोर दुपारी घरात हवी होती. सकाळी सगळ्यांच्या डब्यांची गडबड असते. संध्याकाळी सगळे दमून आलेले असतात, जो तो आपापल्या फोनमध्ये तोंड घालून बसतो. घर घरासारखं वाटायचं ते तेवढ्या वेळातच. ह्यांचं तर माझ्यापेक्षा अवघड होतं. कंपनीत हाताखाली माणसं वागवलेला गडी. निवृत्त झाल्यापासून त्यांचं ऐकणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि त्या माणसाचे पुढचे दोन दात पडलेले होते.

तर डबा. लेकानं तो फोनवरून मागवला. मागवण्याआधी अनोळखी लोकांचे अभिप्राय वाचले, तारे मोजले, दोन डब्यांची तुलना केली. स्वतःचं लग्न ठरवताना या पोरानं इतकी चौकशी केली नव्हती. "बाबांना पण चांगलं आहे, मेमरीसाठी," असंही वर म्हणाला. ह्यांच्या स्मरणशक्तीला काय धाड भरलीय? जवानीत कुणी त्यांचा पाना नेला आणि परत केला नाही, ते नाव ते झोपेतही सांगतील.

चित्र परदेशातलं. टेकडीवर टोकदार मनोऱ्यांचा एक राजवाडा, खाली तळं, कडेला झाडी, मागं बर्फाचे डोंगर. आणि वरचं जवळजवळ निम्मं चित्र आभाळ. नुसतं निळं. पक्षी नाही, ढग नाही, विमानसुद्धा नाही. एक ढग घालायला त्या फोटोवाल्याच्या काय बापाचं जात होतं?

हे घरात अजून कंपनीचा जुना निळा शर्ट घालतात. त्या दिवशी त्यांनी त्याची वरची गुंडीही लावली. पलंगाखालचं प्लायवूड ओढून काढलं, हॉलच्या मधोमध दोन पाटांवर आडवं टाकलं, डबा उपडा केला आणि चष्मा पुसत बसले. नात त्यांच्यासमोर मांडी घालून.

"आदी मटेरियल लाव," ते तिला म्हणाले. "बिनमटेरियलची लाइन चालत न्हाई."

"लाइन म्हणजे काय, आबा?"

"लाइन म्हंजी आपण तिघं."

"मला धरू नका," मी स्वयंपाकघरातून सांगितलं.

"आपण दोघं," ते म्हणाले.

मग मटेरियल लागलं. कडेचे तुकडे एका ताटात, झाडीचे दुसऱ्या, तळ्याचे तिसऱ्या. माझी सगळी ताटं गेली आणि त्या दिवशी आम्ही वाडग्यांतून जेवलो. चहाची वेळ झाली की ह्यांनी नातीकडं बघून मान हलवायची आणि तिनं तोंडानं कंपनीचा भोंगा वाजवायचा, असं ठरलं. भोंगा इतका हुबेहूब की शेजारच्या बाई दार उघडून बघून गेल्या. त्यांच्या मागोमाग त्यांचे मिस्टर आले. ते बँकेत मोठे साहेब होते, आणि निवृत्त साहेबाला रस्त्यात खड्डा दिसला तरी तो सल्ला देतो. दाराशी उभं राहून त्यांनी सांगितलं, "आधी कडा करायच्या असतात." कडा तेव्हा करूनच झालेल्या होत्या. ह्यांनी अदबीनं "व्हय साहेब" म्हटलं आणि ते गेल्यावर नातीला डोळा मारला.

मी लांबून बोलत राहिले. दुसरं काय करणार? कणीक मळता मळता सगळं दिसायचं.

"एवढ्या वेळात गवंड्यानं खरा राजवाडा बांधला असता," मी म्हणायची.

"आज्जी, तू डिस्टर्ब नको करू," नात म्हणायची. मग ह्यांना विचारायची, "आबा, यातला राजा कुठे आहे?"

"शिफ्ट संपवून घरी गेला असंल."

"आणि राणी?"

"ती आत कणीक मळतीय. आणि बोलतीय."

दोघंही माझ्याकडं पाठ करून हसायची. पाठी हलताना दिसायच्या.

लेकानं एकदा दाराआडून तिघांचा फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. त्यात मी नुसती परात घेऊन मागं उभी. खाली हात जोडलेले, बदाम, फुलं, "किती छान संस्कार", "हेच खरं बालपण". एका नणंदेनं तर डोळ्यांत पाणी आलं म्हणून लिहिलं. हिच्याकडे स्वतःची नातवंडं महिन्यातून एकदा येतात, तेव्हा ही त्यांना फोन देऊन झोपते.

मी त्या खेळात कशी पडले तेही सांगून टाकते. राजवाड्याचं दार सापडत नव्हतं. दोघं दुपारभर शोधत होती. मी चहाचे कप उचलायला गेले आणि मला तो तुकडा दिसला, झाडीच्या ताटात, तपकिरी असल्यामुळे बुंध्यांत मिसळलेला. मी वाकले, तो उचलला, उभ्या उभ्याच जागेवर ठेवला आणि कप घेऊन आत गेले. थोड्या वेळानं ह्यांचा आवाज आला, "मदतीला माणूस मिळंल का, इचार आत."

खोटं कशाला बोलू, मजा येत होती. तुकडा नेमका बसला की बोटाला कळतं, डोळ्यांच्याही आधी. त्या एका गोष्टीपायी मी दोनदा भाजी करपवली. बाहेर ऊन मरणाचं, चाकणकडं जाणारे ट्रेलर अख्खी दुपार घरघरत असायचे, खिडकी उघडली की धूळ. आत पडदे ओढलेले, प्लायवूडभोवती तीन डोकी, मधे उकडलेल्या शेंगांची टोपली. नात टरफलं तळ्यात टाकायची आणि म्हणायची, होड्या. टीव्ही समोर काळा पडून होता आणि त्याची कुणाला आठवण नव्हती. मला वाटलं, सुनेनं शिक्षा द्यायला बघितली आणि फसली.

राजवाडा झाला, तळं झालं, झाडी झाली. मग आभाळ आलं आणि काम थांबलं.

आभाळाचा प्रत्येक तुकडा दुसऱ्यासारखा. तोच निळा रंग, तेच दोन कान, तीच दोन भोकं. हे एकेक तुकडा उचलून चारी बाजूंनी फिरवून बघायचे आणि परत ठेवायचे. नात आधी उकिडवी बसली, मग आडवी झाली, मग पालथी पडून पाय हलवायला लागली. पोरं पाय हलवायला लागली की ओळखावं, आता काहीतरी मागणार.

"आज्जी, रिमोट कुठे आहे?"

"हरवला," मी म्हटलं. तो माझ्या कमरेला खोचलेला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं टीव्हीचं मागचं बटण शोधून काढलं. मी धावत जाऊन बंद केला. ती रडली, आणि संध्याकाळी आईला पाहून परत रडली. सुनेनं खिडकीशी जाऊन खाली सेंटरच्या दिशेनं पाहिलं. निदान मला तसं वाटलं. त्या रात्री हे जेवले नाहीत धड. "आभाळानं घात केला," एवढंच म्हणाले.

नंतरच्या दुपारी मी डुलकी काढून उठले तर हॉलमधून खस्स खस्स असा आवाज येत होता. बघते तर ह्यांनी माळ्यावरची हत्यारांची पेटी काढलेली. डाव्या हाताच्या चिमटीत आभाळाचा एक तुकडा, उजव्या हातात बारीक कानस. तुकड्याचा एक कान ते हळूहळू घासत होते आणि नात श्वास धरून बघत होती. त्यांनी फुंकर मारली, तुकडा जागेवर ठेवला, अंगठ्यानं दाबला. बसला.

"अहो, हे काय?"

"बसत नव्हता. जरा जास्त व्हता."

"जास्त होता म्हणजे तो तिथला नव्हता."

"आता हाय."

मी कपाळावर हात मारला. फिटरचं हे असंच. पुढ्यात येईल तो भाग बसवायचा, नाही बसला तर घासून बसवायचा. सारी उमर त्यात गेली. पण तिथं लोखंड होतं आणि इथं पुठ्ठा.

"अहो, एकेकाची जागा ठरलेली आहे यात," मी म्हटलं. "एकाला भलत्या जागी कोंबलं की ज्याची ती जागा तो बाहेर राहणार. शेवटी काय करणार?"

"मशिनला काय कळतंय? आमी काय कमी मशिनी बघितल्या व्हय?"

"आबा, मी घासू?" नातीनं विचारलं.

त्यांनी कानस तिच्या हातात दिली, तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघं घासायला लागली. त्या क्षणापासून तिनं रिमोटचं नाव काढलं नाही.

पुढच्या दुपारी म्हणजे नुसता कारखाना. जाड तुकड्याला पॉलिश पेपर, हट्टी कोपऱ्याला नेलकटर. तुकडा सैल बसला तर कडेला कागदाची पट्टी चिकटवायची. कंपनीत फट बुजवायला अशी पट्टी घालतात, तिला शिम म्हणतात, हे नातीनं मला शिकवलं. पट्टीसाठी निळा कागद हवा. मे महिना म्हणजे लग्नपत्रिकांचा सुकाळ. भावकीतल्या एका पत्रिकेचा मुहूर्त कुणी वाचायच्या आतच तिचं आभाळ झालं, आणि त्या लग्नाला आम्ही अक्षता पडून गेल्यावर पोचलो. एकदा डोंगराच्या कडेला निळा तुकडा बसवून झाला. मग नातीनं स्केचपेन आणून त्याच्यावर डोंगर काढला. फिटिंग आबांचं, पेंट शॉप नातीचं. डोंगर जांभळा झाला, कारण करडं पेन संपलं होतं.

मी बोलायचं ते सगळं बोलले. "तुम्ही शिंपी असता तर बाही बसेना म्हणून गिऱ्हाइकाचा हात कापला असता," असं म्हटलं, तर नात गडाबडा लोळून हसली आणि नंतर ते वाक्य लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवत सुटली. "नाचता येईना अंगण वाकडं" म्हटलं, "घोड्यास लावा घोळ" असंही काहीतरी म्हटलं जे म्हणच नाही, रागाच्या भरात तोंडाला आलं. हे मान खाली घालून घासत राहिले. फुंकर मारायचे आणि पुठ्ठ्याचा निळा भुगा माझ्या पुसलेल्या फरशीवर उडायचा.

पण मी त्यांच्या हातातली कानस काढून घेतली नाही. नात एकदा पाणी प्यायला आत गेली तेव्हा मी हळूच म्हटलं, "अहो, शेवटी उरतील ना."

"उरू दे," ते तितक्याच हळू म्हणाले. "तवर पोर तर बसती हितं."

मी शेंगा सोलून दिल्या.

महिना संपत आला तसं ते झालंच. आभाळाच्या मधोमध चार भोकं राहिली आणि ताटात चार तुकडे. चारांतला एकही चारांतल्या कुठल्याही भोकात जाईना. घासूनही नाही, कापूनही नाही. एकावर तर चक्क बर्फाच्या डोंगराचं टोक होतं. हे तो तुकडा हातात धरून बराच वेळ बघत बसले, जणू त्यानंच उशिरा कामावर येऊन घोटाळा केला होता. मग त्यांनी चारी भोकांना मागून पत्रिकेचा निळा कागद लावला आणि उरलेले तुकडे शर्टाच्या खिशात टाकले.

त्याच शनिवारी सून नातीला घेऊन खाली सेंटरला जाऊन आली. तिथं पहिला दिवस फुकट असतो, त्याला डेमो म्हणतात. "नुसतं बघून येऊ," म्हणाली. फुकट दाखवलेली वस्तू कशासाठी दाखवतात हे त्या जागेवरच्या टाइल्सवाल्यालाही माहीत होतं. पण मी शांत होते. महिनाभर टीव्ही लागला नव्हता, पोर हसत होती, चित्र तयार होतं. अट आम्ही पाळली होती.

रविवारी सगळे घरात. सुनेनं चित्र बघितलं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, तसं दारातून ते झकास दिसत होतं. ती जवळ आली, गुडघ्यावर बसली आणि आभाळावरून तळहात फिरवला. हात एका जागी अडला, पुढं गेला, परत अडला.

"आबा, हे इथे थोडं वर आलंय का?"

"उन्हाळा हाय," हे म्हणाले. "पुठ्ठा फुगतो."

लेक खोकला. सुनेनं जांभळ्या डोंगराकडं बघितलं, मग भोकांमागच्या कागदाकडं. त्या कागदावर 'आमच्या काकांच्या लग्नाला यायचं हं' यातला 'हं' तेवढा दिसत होता. तिला सगळं कळलं. चुका शोधायचाच पगार घेते ती. पण तिनं ओठ दाबून धरले आणि म्हणाली, "छान झालंय. आणि टीव्ही महिनाभर बंद ठेवलात, आई, हे खरंच सोपं नव्हतं." मनापासून म्हणाली. मला वाटलं, जिंकलो.

मग तिनं आजकालचे आईबाप करतात ते केलं. पोरीलाच विचारलं. आम्हाला लग्नाचंसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. आताच्या पोरांना भाजी कुठली करू इथपासून विचारतात, आणि मग पोरं भाजी खात नाहीत म्हणून डॉक्टरकडे नेतात.

"बाळा, शाळा सुरू झाल्यावर दुपारी तुला कुठे आवडेल? घरी आज्जी-आबांकडे, की खाली सेंटरला?"

हे आधीपासूनच हसत होते. त्यांनी तिला बसायला जागा करून द्यावी तसा एक पाय जवळ घेतला.

नातीनं फार विचार केला नाही. "खाली," ती म्हणाली.

"का गं?"

"तिथे पण पझल आहे, मोठं. तिथले पीस बरोबर बसतात. घासावे नाही लागत."

लेक हसला. सूनही हसली, पण लगेच थांबली. हे सगळ्यांत शेवटी हसले आणि सगळ्यांत जास्त वेळ हसले. "बराबर हाय तिचं," म्हणाले. "बिनघासता बसतंय तर चांगलंच हाय की." मग दूध आणतो म्हणून पिशवी घेऊन खाली गेले. दूध सकाळीच आलेलं होतं.

मला राग आला. सात वर्षांच्या पोरीचा. तिचा काही दोष नव्हता, तिनं खरं तेच सांगितलं होतं. महिनाभर मी त्या माणसाला हेच ऐकवत होते, याहून वाईट शब्दांत. पण ते माझ्या तोंडचं होतं. त्या माणसाची अक्कल काढायचा हक्क या घरात माझा आहे, सगळा जन्म घालवून कमावलाय मी तो. आणि मला ठाऊक होतं की तो कुणासाठी घासत होता. तिला ठाऊक नव्हतं. सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं. पण आपलेच दात, आपलेच ओठ. शिवाय असलं पोरांना सांगितलं की ती आपल्याजवळ बसतात ती उपकार केल्यासारखी. मी आत जाऊन भांडी घासली. सुनेनं नको नको म्हणताना घासली.

शाळा सुरू झाली. सेंटरवाल्यांनी नातीला फ्लेक्सवरच्या पोरासारखे हात रंगवून ठशांचं एक चित्र पहिल्याच दिवशी काढायला लावलं, ते सुनेनं फ्रिजवर लावलंय. नात सुखात आहे, तिला दोन मैत्रिणी मिळाल्यात, आणि संध्याकाळी वर आली की आबांच्या मांडीत बसून दोघींची नावं घेऊन भांडणं सांगते. म्हणजे वाईट काही झालेलं नाही. लेक तर म्हणतो, सगळ्यांचंच चांगलं झालं. म्हणू दे.

दुपारी व्हॅनची वेळ झाली की हे गॅलरीत जाऊन उभे राहतात. नात उतरते. लिफ्टकडं यायचं तर उजवीकडं वळावं लागतं, सेंटर डावीकडं आहे. सातव्या मजल्यावरून दप्तर तेवढं दिसतं.

"गेली का?" मी आतून विचारते.

"गेली," ते म्हणतात, आणि मग आम्ही जेवून घेतो.